दारात मंजुळा, आत भांडी

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय मंजुळा,

‘प्रिय’ लिहिलं खरं, पण ते लिहिण्याआधी पेन हातात धरून मी बराच वेळ बसले होते. दुसरं काही सुचेना. ‘सौ. मंजुळा हीस’ लिहिलं असतं तर तुला आमंत्रण धाडल्यासारखं झालं असतं, आणि नुसतं ‘मंजुळे’ म्हणायची सवय यांची, माझी नाही. असो. तुझा सासरचा, मोहन्याचा पत्ता रामाकडून घेतला. ठाण्याच्या बाजारात अचानक भेटला. तुझा भाऊ चांगलाच सुटलाय आता. म्हणाला, ताई मजेत आहे, नाथाभाऊंना कारखान्यात कायम केलं, लेकीचं शाळेत नाव आहे. ऐकून बरं वाटलं. खरं सांगायचं तर अर्धंच बरं वाटलं, कारण माझ्या मनात होतं की तूही भावासारखी सुटली असशील, आणि तेवढ्यात तो म्हणाला, ‘ताय अजून तशीच हाय, वयनी, फोटोतल्यासारखी.’ तो फोटो माझ्याच घरात लागलाय. मी रोज त्याच्यावर फडकं मारते. तू कशी दिसतेस हे मला दुसऱ्यानं सांगायला नको होतं.

तुला मी तोंडानं कधी बोलले नाही, पण तुला कळलं नसेल असंही मी धरून चालत नाही. मी तुझ्यावर जळते. पूर्वी जळत होते आणि आता शहाणी झाले, असलं काही नाही. आत्ता लिहितानाही जळतेय. नाथाभाऊंनी हे वाचलं तरी माझी हरकत नाही, त्यांनाही कळू दे आपल्या बायकोनं कुणाच्या घरात काय करून ठेवलंय. कारण अगदी साधं आहे. माझ्या नवऱ्यानं खाडी काढली, होड्या काढल्या, मिठागरातले बगळे काढले, कंपनीच्या गेटवरचा कुत्रासुद्धा काढला. त्यांच्या हातचा माझा धड असा एकही फोटो नाही. लग्नातला आहे, पण तो भाड्याच्या फोटोग्राफरनं काढलेला, त्यात मी मुंडावळ्यांच्या मागे लपलेय. यांनी माझ्याकडे बघून काढलेला मला एक हवाय. दागिने नकोत, बंगला नको, एवढी एक गोष्ट मी मनात धरून बसलेय आणि ती अजून झालेली नाही. आणि तुझा मात्र आहे, चौकटीत, काचेत, पुढच्या खोलीत.

आम्ही बाळकुमला तुमच्याकडे भाड्यानं आलो तेव्हा तू परकर सोडून नुकती साडीत आली होतीस. मी चिपळूणकडची, लग्न होऊन थोडेच महिने झालेले, आणि यांना ठाण्यात नोकरी लागलेली. तुझ्या वडिलांनी, धाकूमामांनी, आम्हाला कडेची खोली दिली. तिचं एकुलतं एक दार थेट खाडीकडे उघडायचं. खिडकी म्हणून नव्हतीच. दाराबाहेर एवढं ऊन की डोळे दिपावेत आणि आत भरदुपारी तांब्या शोधायला चाचपडावं लागे. मी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, यांनी मात्र दारात उभं राहून बाहेर बघितलं, मग आत बघितलं, मग परत बाहेर, आणि म्हणाले, खोली छान आहे. मला वाटलं, चला, नवरा समाधानी आहे. त्यांना कंपनीतल्या एका साहेबानं निवृत्त होताना जुना डबा कॅमेरा दिला होता, आणि खोली त्या डब्यासाठी छान होती, हे मला नंतर कळलं.

तो डबा तुला आठवत असेल, तूच त्याला ‘काला डबडा’ म्हणायचीस. त्याला दोनच कळा. एक दाबली की डोळा उघडून लगेच मिटायचा, दुसरी धरून ठेवली की सोडेपर्यंत उघडा राहायचा. बाकी काही अक्कल त्याला नव्हती. पहिल्याच रोलला यांचं डोकं फिरलं. आमच्या खोलीतून दाराकडे बघून फोटो काढला की खाडी, होडी, पलीकडची झाडी सगळं यायचं, पण खोली ठार काळी. कळ जास्त वेळ धरली की माझ्या मांडणीवरची पितळी भांडी लख्ख यायची आणि दाराबाहेर नुसतं पांढरं, जणू कुणी धोतर वाळत टाकलंय. हे चिडायचे. म्हणायचे, माणसाच्या डोळ्याला दोन्ही दिसतं, उजेडातलंही आणि अंधारातलंही, मग याला का दिसू नये. मग कुठल्याशा मासिकात वाचून त्यांनी युक्ती काढली. एकाच जागेवरून दोन फोटो काढायचे, एक बाहेरच्या उजेडाच्या हिशेबानं, एक आतल्या अंधाराच्या, आणि छापताना दोघांतलं चांगलं तेवढं घेऊन एक करायचं. अट एवढीच की दोन्ही वेळेला कॅमेरा केसभर हलता कामा नये, आणि समोरचं माणूसही.

कॅमेऱ्याला तीन पायांचा स्टँड असतो म्हणे, आमच्याकडे नव्हता. उपडं पिंप, पिंपावर माझा पाटा, पाट्यावर डबा, आणि तो सरकू नये म्हणून चारी बाजूंनी कणकेचे गोळे. माझी पोळ्यांची कणीक. त्या दिवशी आमच्याकडे भातच असायचा. एवढं करूनही पहिल्या वेळेला घोटाळा झालाच. दोन फोटोंच्या मधे भरतीचं पाणी चढलं आणि कागदावर तुझ्या वडिलांच्या एकीच्या दोन होड्या झाल्या, एक खाली आणि एक तिच्या डोक्यावर. हे कपाळाला हात लावून बसले. मी दोन्ही वेळेला खाडीवर भांडी घासायला जायचे, मला माहीत होतं की भरती पुरती भरली की पाणी जरासं थबकतं, मग ओहोटी लागते. मी म्हटलं, तेव्हा काढा. यांनी काढला, होडी एकच आली, आणि हे साऱ्या आळीला सांगत सुटले, ‘मंजुळा म्हणते पाणी थांबतं तेव्हा काढा.’ तू तेव्हा दारात जाळं घेऊन बसलेली होतीस, एवढाच तुझा संबंध. तू ‘मी नाय, वयनी बोलल्या’ असं एकदा तरी म्हणशील म्हणून मी वाट बघितली. तू हसलीस फक्त.

आता माणसाचं ऐक. पहिल्यांदा यांनी मलाच बसवलं होतं. घरची बायको, सांगितलं की बसेल, असा हिशेब. मी नवी साडी नेसून उंबरठ्यावर बसले. पहिली कळ वाजली. हे रोल पुढे सरकवत होते, दुसरी कळ ओढून धरली, आणि स्टोव्हवरचं दूध वर आलं. तूच सांग, कुठली बाई बसून राहील? मी उठले. छापून आलं त्यात उंबरठ्यावर मी आहे, साडीचे काठसुद्धा आहेत, पण माझ्या पोटातून खाडी दिसतेय आणि खाडीत होडी. पुढच्या वेळेला शेजारच्या हौसाबाईंनी हाक मारली, मला दोन नाकं आली. त्याच्या पुढच्याला शिंक. हे म्हणाले, गोदे, तू बाई आहेस की पंखा? म्हणाले ते म्हणाले, तो पोटातल्या होडीचा फोटो धाकूमामांना दाखवला. मामा आठवडाभर येता-जाता म्हणत होते, ‘वयनीच्या पोटान होरी शिरली.’ सगळे हसले. त्या दिवसांत माझ्या पोटाकडे सासरचं, माहेरचं, आळीतलं, सगळ्यांचंच लक्ष लागलेलं होतं. त्यामुळे मला हसू आलं नाही. पुढेही त्या पोटात होडीशिवाय कुणी आलं नाही, ते तुला ठाऊकच आहे.

आणि मग तू. तुमच्या ओट्यावर ऊन यायचं म्हणून आमच्या उंबरठ्यावर येऊन जाळं शिवत बसायचीस. यांनी तुला विचारलं, धाकूमामांना विचारलं. मामांना एकच काळजी, ‘माजी पोर काली दिसंल का त्यान?’ हे म्हणाले, जशी आहे तशी दिसेल. तू सुई जाळ्यात अडकवून हात तसाच ठेवलास आणि थांबलीस. नुसती थांबलीस. नाकावर माशी बसली तरी पापणी नाही. पहिली कळ झाली, रोल सरकला, दुसरी कळ, आणि तू अजून तिथंच, जणू तुला कुणी सांगितलंच नव्हतं की काही चाललंय. खाडीवर भरतीची वाट बघत बसायची सवय, ती कामाला आली असेल. मी नंतर विचारलं तर म्हणालीस, ‘हालाचं नाय म्हंजे नाय, त्यान काय हाय वयनी?’ त्यात काय आहे ते मला अजूनही जमलेलं नाही.

पण मला लागलं ते वेगळंच. कळ ओढायच्या आधी हे मला म्हणाले, ‘गोदे, तू जरा माझ्या मागं उभी राहा. मधे येऊ नकोस.’ माझ्याच घरात, माझ्याच उंबरठ्यावर दुसरी बसलेली, आणि मी मागं. मी उभी राहिले. मला यांची पाठ दिसत होती आणि एक कान. कळ धरून ठेवली होती तेवढा वेळ त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. समोर बघत होते, एकटक. माझ्याकडे कुणी असं श्वास रोखून बघितलेलं मला आठवत नाही. माझ्याकडे बघताना हे कायम काहीतरी शोधत असतात, चष्मा, नाहीतर किल्ली. तेवढ्यात मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. तुमच्या दोघांत काही नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असलं म्हणून जळफळाट थांबतो असं तुला कुणी सांगितलं? तू यांना एकदा दादा म्हणाली असतीस तर माझं अर्धं दुखणं तिथंच गेलं असतं. पण तू शेवटपर्यंत ‘ओ फोटोवाले’ अशीच हाक मारलीस.

छापायचं काम रविवारी दुपारी मोरीत. दाराच्या फटीत घोंगड्या कोंबायच्या, वर लाल दिवा, तुपाच्या रिकाम्या डब्याचं केलेलं ते फोटो मोठा करायचं यंत्र, आणि माझ्या पराती. तीन परातींत तीन औषधं, त्या पराती परत पिठाला लावायची माझी हिंमत झाली नाही. एका काचेतलं (निगेटिव्हला हे काचच म्हणतात) बाहेरचं छापताना आतलं झाकायचं, मग दुसरी काच घालून आतलं छापताना बाहेरचं झाकायचं. झाकायला जाड कागद लागतो, आणि तो कापायचा बरोब्बर दाराच्या आकाराचा, त्यात उंबरठ्यावरच्या बाईच्या अंगाच्या आकारानं. जाड कागद म्हणून यांना ट्रंकेत काय सापडलं असेल? आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. मी मोरीत गेले तर हे लाल उजेडात ‘चि. गोपीनाथ’ आणि ‘चि. सौ. कां. गोदावरी’ यांच्या मधोमध कात्री चालवत होते, आणि आमच्या मुहूर्ताच्या जागी तुझ्या खांद्याच्या आकाराचं भोक पडलं होतं. मी विचारलं, दुसरा कागद नव्हता? हे म्हणाले, हा जाडीला चांगला आहे. त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं, मंजुळा. पाप असतं तर भांडता तरी आलं असतं.

आणि फोटो असा आला की मला गप्प बसावं लागलं. खाडीचं पाणी अगदी चमकतंय, पलीकडची झाडी वेगवेगळी दिसतेय, आणि आत मांडणीवरचा एकेक पेला, तांब्यावरचा पोचासुद्धा दिसतोय. मधे उंबरठ्यावर तू, अर्धी उजेडात, अर्धी सावलीत, आणि दोन्हीकडे सारखीच खरी. ठाण्याला हौशी फोटोवाल्यांचं प्रदर्शन होतं, त्यात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मीही गेले होते, गजरा घालून. तिथले एक वयस्कर गृहस्थ यांच्याशी हात मिळवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘वहिनी, फोटोत फारच सुंदर आलात.’ मग जरा निरखून म्हणाले, ‘प्रत्यक्षात जरा वेगळ्या दिसता.’ हे खुलासा करायच्या ऐवजी हसत राहिले. मी घरी आल्यावर मांडणीवरची भांडी खाली काढून एकेक घासली. माझ्या भांड्यांनीसुद्धा माझ्यापेक्षा चांगला फोटो काढून घेतला होता. तुला दाखवला तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं? ‘खाडी मस्त आली.’ स्वतःकडे बघितलंसुद्धा नाहीस. मला तुझा सगळ्यात जास्त राग कधी आला असेल तर तेव्हा.

पुढे तुझं लग्न झालं, तू मोहन्याला गेलीस. मी तुझ्या हळदीला मनापासून नाचले होते, का ते आता तुला कळलं असेल. मग यांची नोकरी बदलली आणि आम्ही इकडे मानपाड्याला आलो. मला वाटलं, खाडी सुटली, उंबरठा सुटला, विषय संपला. सामान लावताना यांनी पहिला खिळा ठोकला तो तुझ्यासाठी. येणारा-जाणारा विचारतो, ही कोण? हे सगळी गोष्ट सांगतात, पाण्याची, कणकेची, दोन काचांची, आणि माझी दोन नाकंसुद्धा सांगतात. मी चहा ठेवायला आत जाते. मधे एकदा मी त्या खिळ्यावर वरून कॅलेंडर लावलं. यांनी ते दुसऱ्या भिंतीवर नेलं. मग मी फुलदाणी उंच केली. अशी आमची वर्षं चालली होती. भांडण नाही, तंटा नाही, आणि तू कायम मधे बसलेली, जाळं घेऊन.

आता गेल्या वर्षभरातलं सांगते. पावसाळ्यापासून हे चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले. मी म्हणायचे, लक्ष कुठं असतं तुमचं. चहा ओतताना कपाच्या बाजूला ओतायचे. वर्तमानपत्र वाचता वाचता कडेचा रकाना सोडून द्यायचे, आणि मी बातमी काढली की म्हणायचे, ही कुठं होती? मग पेपर मीच वाचून दाखवायला लागले. दिवाळीनंतर ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. कडेचं सगळं गेलंय, मधलं तेवढं उरलंय, आणि तेही हळूहळू आवळत चाललंय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून जपायचं. किती दिवस, ते कुणी सांगत नाही. हे मला म्हणाले, नळीतून बघितल्यासारखं दिसतं गं, जिथं बघतो तेवढंच. मी तोंड फिरवून घेतलं, आणि मग लक्षात आलं की तोंड फिरवायचीही गरज नव्हती, जरा बाजूला सरकले असते तरी त्यांना दिसले नसते.

गेल्या आठवड्यात त्यांनी माळ्यावरून तो डबा काढायला लावला. त्याचा रोल आता कुठं मिळत नाही, एका जुन्या स्टुडिओवाल्यानं कपाटाच्या तळातून शोधून दिला. हे म्हणाले, एक शेवटचा फोटो करायचाय, दोन काचांचा, मला अजून मधलं दिसतंय तोवर. मला वाटलं, आता म्हणतील. मी पदर सारखा केला, खरंच केला, आणि विचारलं, कुणाचा? हे म्हणाले, ‘बाळकुमच्या दारात मंजुळा बसवायची.’ मंजुळा, मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशीच्या आमटीत मी मीठ मुद्दामच घातलं नाही. यांनी तशीच खाल्ली. रात्रभर मी भिंतीकडे तोंड करून पडले. डोळे जायला आलेत या माणसाचे, आणि उरलेल्या तेवढ्या बघण्यातही तीच. सकाळी तोंडावर म्हटलं, मी असेन तुमच्या मागं उभी, काळजी नको. तेव्हा हे म्हणाले, ‘मागं कशाला? तू आत. मांडणीपाशी. म्हणून तर काढायचाय.’ मी म्हटलं, वा, ती उजेडात आणि मी अंधारात. तर म्हणाले, ‘अगं, उजेडाचं काम चुटकीसरशी होतं, कळ दाबली की संपलं. जास्त वेळ बघत बसावं लागतं ते आतल्या अंधाराकडे. मागच्या वेळेला तेवढा वेळ मी बघत बसलो आणि आत नुसती भांडी होती. तेव्हापासून तो फोटो मला अर्धाच वाटतो. या खेपेला तेवढा वेळ तुझ्याकडे बघू दे.’ एवढी वर्षं हे त्यांच्या पोटात होतं आणि मला सांगितलं आता.

म्हणून हे पत्र, मंजुळा. होळीला तू माहेरी येशीलच, रामाला मी विचारून ठेवलंय, खोली रिकामी आहे, दार तेच आहे. पुनवेच्या दिवशी भरती भरदुपारी भरते, हे तुला मी सांगायला नको, आणि पाणी थांबतं तेव्हा काढा हे मी सांगितलं होतं, असं या वेळेला तू त्यांच्यासमोर एकदा म्हण. तू येच. नाही म्हणू नकोस. मी यांना म्हटलं होतं, मला एकटीलाच काढा, तिला कशाला त्रास. हे म्हणाले, दारात कुणी नसलं तर बघणाऱ्याची नजर आत वळत नाही, सरळ खाडीत जाते. त्यांचं ते त्यांना ठाऊक. माझं कारण निराळं आहे, ते फक्त तुला सांगते. यांना मी बराच वेळ न हलता हवी आहे आणि मला भीती वाटते. मला बसता येत नाही, कधीच आलेलं नाही, आणि ही एक संधी गेली तर दुसरी नाही. या खेपेला माझ्या पोटातून भांडी दिसली तर ती बघून हसायलाही यांना दिसणार आहे की नाही, देव जाणे. पण तू दारात बसलेली असलीस, नवी साडी नेसून, अशीच बिनसुटलेली, आणि हे तुझ्या दिशेला तोंड करून उभे असले, तर मी जागची हलणार नाही. दूध उतू गेलं तरी नाही. तुझ्यावरची नजर मी आजवर कधी काढलेली नाही.

तुझीच, जळून जळून तुझीच झालेली,
गोदावयनी